उघड्या पत्र्यावर पहिला हात कशाचा? जुनी पद्मिनी उभी करताना प्रायमरची निवड

रंग काढलेल्या पत्र्याला पहिल्या रात्रीपासून जपावं लागतं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी, जिथे जिथे खारी हवा आहे तिथे संध्याकाळी लख्ख घासलेलं बॉनेट सकाळी लालसर पडलेलं असतं. उघड्या हाताने जिथे धरलं होतं, तिथे बोटांचे ठसे गंजाच्या रंगात उमटलेले दिसतात. म्हणून प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, कोणता हे रंग काढायच्या आधी ठरवायचं, डबा आणून ठेवायचा आणि मगच पत्र्याला हात लावायचा.

हा लेख पहिल्यांदाच जुनी गाडी उभी करायला घेतलेल्यांसाठी आहे. उदाहरण घेतलं आहे ते प्रीमियर पद्मिनीचं. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून सुरू झालेली आणि पुढे पद्मिनी या नावाने 2001 पर्यंत मुंबईत कुर्ल्याला बनत राहिलेली ही गाडी. टॅक्सी म्हणून ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण वाड्यांत, बंगल्यांच्या पडव्यांत, ताडपत्रीखाली अजून बऱ्याच उभ्या आहेत. तिला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे फ्लोअर, दारांखालचे पोकळ सिल आणि चाकांवरच्या कमानी कुजल्या की प्रश्न रंगाचा राहत नाही, गाडीच्या ताकदीचा होतो. ॲम्बेसेडरचंही तसंच आहे. सुटे भाग, काचांची रबरं, बंपर हे सगळं पुढे केव्हाही मिळवता येतं. कुजलेली बॉडी मात्र परत मिळत नाही, म्हणून पहिल्या थराला एवढं महत्त्व.

आधी स्वतःला विचारायचा प्रश्न

प्रायमर मारल्यावर गाडी तशीच किती दिवस उभी राहणार आहे?

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये ठोकलेली गाडी सोमवारी येते आणि शनिवारी रंगून जाते. तिथला प्रायमर दोन-तीन दिवस उघडा राहतो, त्यामुळे कुठलाही चालून जातो. आपलं काम तसं नसतं. आज डावं दार उघडं केलं, पुढच्या महिन्यात फ्लोअरचं वेल्डिंग, मधे पाऊस, मधे पैशांची जुळवाजुळव, मग डेंटर गावी गेला. वर्ष सहज निघून जातं. एवढा काळ ज्या थराच्या भरवशावर पत्रा राहणार, त्याने स्वतः पाणी अडवलं पाहिजे. गॅरेजवाल्याने सुचवलेला प्रायमर त्याच्या कामाला योग्य असतो, पण तोच आपल्या कामाला पुरत नाही, याचं कारण हे.

दुकानात काय काय मिळतं

इपॉक्सी प्रायमर दोन डब्यांचा असतो, एकात प्रायमर आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रियेने कडक होतो, थिनरने पुन्हा विरघळत नाही. पत्र्याला घट्ट धरतो आणि पाणी-हवा बऱ्यापैकी रोखतो. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर उघड्या पोलादी पत्र्यासाठी माझं उत्तर हेच आहे. त्याची एक उणीव लक्षात ठेवा: उन्हात त्याचा वरचा थर खडूसारखा भुरभुरीत होत जातो. म्हणून इपॉक्सी मारलेली बॉडी शेडमध्ये ठेवायची, गच्चीवर नाही.

एच (etch) प्रायमर, ज्याला वॉश प्रायमरही म्हणतात, त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं. ते पत्र्याला किंचित चावून पकड तयार करतं. थर अगदी पातळ, साधारण 10 मायक्रॉनचा, आणि तोही सच्छिद्र. पकड उत्तम, संरक्षण फार थोडं. त्याच दिवशी त्यावर दुसरा थर चढणार असेल तरच त्याचा उपयोग. ॲल्युमिनियमच्या भागांवर तो चांगलं काम करतो. जुन्या धाटणीच्या पिवळट-हिरवट एच प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असतं, आणि त्यातल्या क्रोमियमने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. घरच्या आवारात ते मारू नका आणि घासूही नका.

टू-के (म्हणजे हार्डनर मिसळायचा, दोन डब्यांचा) सरफेसर म्हणजे जाड बसणारा, घासायचा पेपर मारून सपाट करायचा थर. ब्लॉक धरून घासताना तो सुरेख उतरतो, कारण त्यात भरणीची पूड भरपूर असते, आणि त्याच कारणाने तो ओलावाही पितो. करड्या सरफेसरमध्ये पावसाळाभर उभी ठेवलेली बॉडी वरून धड दिसते, पण खाली पत्र्यावर गंज धरायला लागलेला असतो. सरफेसर इपॉक्सीच्या वर मारायचा, पत्र्यावर नाही.

रेड ऑक्साइड हार्डवेअरच्या प्रत्येक दुकानात मिळतो, स्वस्त आहे, आणि ग्रिल-गेटसाठी चांगला आहे. पण तो ऑइल पेंटच्या जातीचा, एका डब्याचा. त्यावर पुढे टू-के सरफेसर किंवा रंग मारला की त्यातल्या तेज थिनरने खालचा थर उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. मग सगळं पुन्हा पत्र्यापर्यंत घासावं लागतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमरचंही तसंच: पटकन सुकतो, पण थिनरने कायम विरघळत राहतो आणि पुढे कित्येक महिने आकसून बसत जातो, त्यामुळे खालच्या पेपरच्या रेघा वरच्या चकचकीत रंगात दिसायला लागतात.

झिंकवाला वेल्ड-थ्रू प्रायमर फक्त एका कामासाठी. दोन पत्रे एकमेकांवर चढवून वेल्ड करायचे असतील तर आतल्या, नंतर हात न पोचणाऱ्या बाजूंना तो मारून घ्यायचा. जिथे टाका पडणार तेवढी जागा खरवडून मोकळी करायची. जळणाऱ्या झिंकचा धूर छातीत गेला तर ताप येतो, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवून काम करा. पूर्ण बॉडीवर हा प्रायमर मारायचा नसतो.

कशावर काय चालत नाही

नव्या माणसाचे पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात. प्रत्येक डबा आपापल्या जागी चांगला असतो, पण एकावर एक चढवताना भांडणं होतात.

ॲसिडवर इपॉक्सी मारायची नाही. इपॉक्सीचा हार्डनर अल्कलीच्या बाजूचा असतो. खाली ॲसिड उरलं असेल तर पत्र्याला लागून असलेला इपॉक्सीचा थर नीट कडक होत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांनी पापुद्र्यासारखा सुटतो. एच प्रायमरला हे लागू आहे, तसंच गंज मारायच्या फॉस्फोरिक ॲसिडवाल्या द्रावणालाही. द्रावण वापरलं असेल तर ते पत्र्यावर वाळू न देता पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा आणि पुन्हा पेपर मारून घ्या. एखाद्या कंपनीने तिच्या एच प्रायमरवर तिचीच इपॉक्सी चालते असं लेखी दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

एच प्रायमरवर पुट्टी भरायची नाही. पॉलिस्टर पुट्टीच्या हार्डनरचं आणि ॲसिडचं जमत नाही, पुट्टी खालून कच्ची राहते. इपॉक्सी सुकल्यावर 80 ते 180 नंबरचा पेपर मारून त्यावर पुट्टी भरली तर ती पक्की बसते. आणि पुट्टी स्वतः पाणी पिते, त्यामुळे तिच्याखाली पाणी अडवणारा थर असलेलाच बरा.

गॅल्व्हनाइज पत्र्यावर रेड ऑक्साइड मारायचा नाही. बऱ्याच पद्मिन्यांच्या फ्लोअरला कधीतरी जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइज, पत्र्याचे पॅच मारलेले सापडतात. झिंक आणि ऑइल पेंट यांच्या संगतीने मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाचे तुकडे निघतात. नवे पॅच टाकायचे तर सीआर शीटचे, म्हणजे झिंक न चढवलेल्या साध्या पोलादी पत्र्याचे टाका. जुना जीआय पॅच ठेवायचाच असेल तर झिंकवर चालणारी इपॉक्सी आहे का ते कंपनीच्या डेटा शीटवर, म्हणजे माहितीपत्रकावर, बघून घ्या.

सगळ्यात सोपा नियम: इपॉक्सी, सरफेसर, रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. प्रत्येक डब्याची टेक्निकल डेटा शीट मिळते. दुकानदाराकडून ती मागून घ्या आणि घरी शांतपणे वाचा. मिसळण्याचं प्रमाण, किती मिनिटं थांबायचं, कशावर चालतं, किती दिवसांच्या आत पुढचा थर मारायचा, सगळं त्यात असतं. सुटा, लेबल नसलेला हार्डनर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

रंग काढणं

गाडीचा सगळा रंग एकदम काढायचा मोह टाळा. दोन दिवसांत जेवढं इपॉक्सीखाली जाईल तेवढंच उघडं करा: एक दार, मग दुसरं, मग डिकीचं झाकण.

सँडब्लास्टिंग जाड भागांसाठी ठीक आहे, म्हणजे सस्पेन्शनचे आर्म, ब्रॅकेट, चाकाच्या रिम. छत, बॉनेट आणि दारांच्या बाहेरच्या पत्र्यावर जोरात वाळू मारली की पत्रा ताणला जातो आणि त्याला लाट येते. ती लाट काढणारे डेंटर आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे राहिलेत. तिथे पेंट रिमूव्हर किंवा पेपर वापरा. रिमूव्हर लावलाच तर सांध्यांत आणि पत्र्याच्या दुमडीत उरलेला धुऊन काढा, नाहीतर तो नव्या रंगाला आतून फोडतो.

जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिसं असू शकतं. ग्राइंडरने उडवलेली ती धूळ घरातल्या मुलांसाठी सगळ्यात वाईट. धुळीचा चांगला मास्क घाला, कामाचे कपडे वेगळे ठेवा, वेगळे धुवा.

चासी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर नेऊ नका. हाताने, रिमूव्हरने जागा साफ करा, प्रायमरचा पातळ हात द्या, पुट्टी किंवा जाड सरफेसर अजिबात नको. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर घेता येतो. त्यासाठी बॉडी आणि इंजिन मूळचं असावं लागतं आणि तपासणीत नंबर स्पष्ट वाचता यावा लागतो.

गंज

गंजावर प्रायमर मारून गंज थांबत नाही, नुसता झाकला जातो. नखाने टोकरून पापुद्रा निघत असेल किंवा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत जात असेल तर तो पत्रा कापायचा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि 80 च्या पेपरने निघतो. अवघड असतात त्या बारीक काळ्या खळग्या. वरून पत्रा चकाकतो आणि खळगीच्या तळाशी काळा ठिपका शिल्लक राहतो. समुद्राकाठच्या गाडीत त्या ठिपक्यात मीठ असतं, आणि मीठ आहे तोवर गंज परत उगवतो. स्वच्छ पाणी आणि कडक ब्रशने खळग्या घासा, लगेच हीट गन किंवा ब्लोअरने सुकवा. एक रात्र ठेवून बघा. ठिपके पुन्हा लाल झाले तर पुन्हा घासा. हे कंटाळवाणं आहे, पण पुढे बॉनेटवर फुगे येणार की नाही ते इथेच ठरतं.

गॅस वेल्डिंगने पितळ भरलेले सांधे असतील तर तिथे फ्लक्सचा (सांधताना वापरलेल्या पावडरचा) काचेसारखा थर उरतो. तो गरम पाण्याने आणि ब्रशने काढल्याशिवाय त्यावर कुठलाच प्रायमर धरत नाही.

प्रायमरआधीची सफाई

पत्र्याला शेवटचा पेपर 80 ते 180 नंबरच्या दरम्यानचा द्या, कोरडाच. उघड्या पत्र्यावर वॉटर पेपर पाण्याने घासला तर घासता घासताच गंज सुरू होतो. यापेक्षा बारीक पेपरने पत्रा गुळगुळीत होतो आणि इपॉक्सीला पकडायला काही उरत नाही.

मग वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर. एका स्वच्छ फडक्याने ओलं पुसायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. सुकू दिलं तर तेल पत्र्यावरच परत पसरतं. दुकानातला स्वस्त एनसी थिनर या कामाला वापरू नका, तो स्वतःच चिकट अवशेष मागे ठेवतो. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज घाला. आजूबाजूला कोणी सिलिकॉनचं डॅशबोर्ड पॉलिश मारत असेल तर त्या दिवशी स्प्रे गन हातात घेऊ नका, प्रायमरमध्ये गोल गोल डोळे पडतात.

सफाई नीट झाली का, हे पाण्याने कळतं. पत्र्याच्या एका कोपऱ्यावर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर पत्रा तेलमुक्त आहे, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून तेल आहे. लगेच पुसून गरम हवेने सुकवा.

हवा बघून दिवस निवडा

पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं) निदान 3 अंशांनी जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली. हा आकडा नुसता वाचून सोडू नका. मुंबईत 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे पत्रा 29 च्या वर हवा. रात्रभर शेडमध्ये थंड झालेला पत्रा सकाळी आठला त्याच्या खाली असतो, डोळ्यांना न दिसणारं पाणी त्यावर बसलेलं असतं, आणि आपण त्या पाण्यावर प्रायमर मारतो. साधा आर्द्रतामापक आणि इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही स्वस्तात मिळतात, घेऊन ठेवा.

कोकणपट्टीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पुणे-नाशिककडे हवा कोरडी, पण थंडीत रात्री पारा खूप खाली येतो. बऱ्याच इपॉक्सी 15 अंशांखाली नीट कडक होत नाहीत. तिकडे दुपारी मारा आणि रात्री शेड बंद ठेवा. भर पावसाळ्यात बॉडीचं काम करूच नका. तेव्हा इंजिन, सीटा, वायरिंग करा.

मिसळणं आणि मारणं

प्रमाण डेटा शीटप्रमाणे, मापाच्या कपात. कुठे 1:1, कुठे 2:1, कुठे 4:1. नजरेच्या अंदाजाने हार्डनर ओतणाऱ्या पेंटरला हे काम देऊ नका, तो कितीही जुना असो. हार्डनर कमी पडला तर थर मऊ राहतो, आणि जास्त घातला म्हणून लवकर किंवा अधिक कडक होत नाही. काही इपॉक्सी मिसळल्यावर 15 ते 30 मिनिटं तशाच ठेवायच्या असतात. एप्रिल-मेच्या उन्हात कपातलं मिश्रण बरंच लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं बनवा.

डब्यातल्या घनभागाचं प्रमाण बघून किती लागेल याचा हिशेब करता येतो. घनभाग 50 टक्के असेल तर 1 लिटरमध्ये 50 मायक्रॉनचा सुका थर कागदावर 10 चौरस मीटर होतो. गनमधून उडून जाणारं धरलं तर निम्मं समजा.

कॉम्प्रेसरला पाणी गाळणारा फिल्टर हवाच, आणि टाकीतलं पाणी सुरुवातीलाच सोडून द्या. गनचा नोझल 1.3 ते 1.5 मिलिमीटर. दोन मध्यम हात मारा, मधे डेटा शीटने सांगितलेली मिनिटं थांबून. दोन्ही मिळून 50 ते 75 मायक्रॉन सुका थर बसला पाहिजे. कडा, दुमड्या आणि वेल्डच्या रेषा आधी ब्रशने भरून घ्या. गन तिथे नीट पोचत नाही, आणि गंज तर तिथूनच सुरू होतो.

इपॉक्सीच्या वाफेने आणि हार्डनरने कातडीला कायमची ॲलर्जी होऊ शकते. कार्ट्रिजवाला मास्क, चष्मा, ग्लोव्हज आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात. पुढच्या टू-के सरफेसर आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असतं, त्याने दमा जडतो आणि मग जात नाही. त्याच्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर ते काम रंगकामाचं बंद बूथ असलेल्या गॅरेजला द्या. तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारी पोरं अजून दिसतात, हे थांबलं पाहिजे.

त्यानंतरचा क्रम

इपॉक्सीवर पुढचा थर थेट मारण्याची मुदत असते, काहींची एक दिवस, काहींची आठवडाभर. मुदतीत असाल तर न घासता पुढे जा. मुदत गेली असेल तर 180 ते 320 चा पेपर किंवा करडं स्कॉच-ब्राइट (घासायची जाळीदार घासणी) मारून चमक पूर्ण घालवा आणि मगच पुढे. बहुतेकांची मुदत जातेच, त्यात बिघडत काही नाही.

पुढचं असं: इपॉक्सी, मग पुट्टी, मग सांध्यांत पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलर, म्हणजे सांधे बुजवणारं लुकण, मग पुट्टी घासताना जिथे जिथे पत्रा उघडा पडला तिथे पुन्हा इपॉक्सी, आणि त्यावर सरफेसर. सीम सीलर उघड्या पत्र्यावर भरला तर त्याच्याखाली पाणी शिरतं आणि वर्षभर कळत नाही. गाडीच्या पोटालाही आधी इपॉक्सी, मग दगड-खडी झेलणारं कोटिंग. गंजावर थेट डांबरी कोटिंग फासलेल्या गाड्यांचे फ्लोअर मी हाताने तुटताना पाहिलेत. वरून काळं, जाड, धडधाकट, आणि आत नुसती पूड.

प्रायमरमधली बॉडी ठेवायची ती सुती चादर टाकून. प्लॅस्टिक गुंडाळलं की आत घाम धरतो. दर महिन्याला दिव्याच्या उजेडात कडा बघा. लाल ठिपका दिसला तर तेवढीच जागा पत्र्यापर्यंत घासून, पुसून, इपॉक्सीचा हात द्या.

सिल आणि दारांच्या आत गन जात नाही. तिथे रंगकाम पूर्ण संपल्यावर लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ जागांत मारायचं गंजरोधक मेण, मारायचं. आधी मारलं तर ते झिरपून नव्या रंगाखाली येतं. मारून झालं की सिलच्या आणि दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं बारीक तार घालून मोकळी करा.